दुसरा लेझर नसताना: फायबरच्या रिळाने वारंवारता मोजणं आणि आवरणं

प्रश्न थोडक्यात असा. प्रयोगशाळेत १५५० नॅनोमीटरचा एक फायबर लेझर आहे. डेटाशीट म्हणते, लाइनविड्थ, म्हणजे लेझरच्या वारंवारतेचा पसारा, ५ किलोहर्ट्झपेक्षा कमी. पडताळायला तशाच दर्जाचा दुसरा लेझर नाही, हाय-फिनेस कॅव्हिटी (वारंवारतेची मोजपट्टी म्हणून वापरायची अतिशय परावर्तक आरशांची जोडी) नाही आणि ती घ्यायला निधीही नाही. कपाटात ५ किलोमीटर सिंगल-मोड फायबरचं रीळ मात्र पडून आहे. एवढ्या सामानावर लेझरची स्थिरता मोजता येईल का? आणि त्याच फायबरचा आधार घेऊन ती सुधारता येईल का?

दोन्ही होतं, आणि चांगलं होतं. फक्त एक गोष्ट सुरुवातीपासून पक्की धरा: रीळ तुम्हाला लेझरची वारंवारता सांगत नाही, लेझर आणि रीळ एकमेकांच्या तुलनेत किती हलले एवढंच सांगतं. डिटेक्टरवर जी हालचाल दिसते त्यातली लेझरची किती आणि रिळाची किती, ही वाटणी ज्याला करता आली त्याला हे तंत्र आलं. मोजताना ही वाटणी चुकली तर आकडा चुकतो. लॉक करताना, म्हणजे लेझर रिळाला बांधताना, चुकली तर रिळाचा सगळा नॉइज (नको असलेला चढउतार) तुम्ही स्वतःच्या हाताने लेझरवर छापता.

ऑप्टिकल स्पेक्ट्रम अॅनालायझरने हे होणार नाही, हे आधी सांगून टाकतो, कारण बरेच जण तिथूनच सुरुवात करतात. चांगल्या अॅनालायझरचं रिझोल्यूशन ०.०२ नॅनोमीटर असतं. १५५० नॅनोमीटरला त्याचे होतात अडीच गिगाहर्ट्झ. तुम्हाला किलोहर्ट्झ बघायचे आहेत.

तत्त्व साधं आहे. लेझरचा प्रकाश कपलरने, म्हणजे प्रकाश वाटणाऱ्या जोडणीने, दोन वाटांत विभागायचा. एक वाट छोटी, दुसरी रिळातून. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरमागे सुमारे ४.९ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे ५ किलोमीटरला साडेचोवीस मायक्रोसेकंद. दोन्ही वाटा पुन्हा एकत्र आल्या की लेझर स्वतःच्याच साडेचोवीस मायक्रोसेकंद जुन्या प्रकाशाशी ताडला जातो. एका वाटेत अकुस्टो-ऑप्टिक मॉड्युलेटर, म्हणजे प्रकाशाची वारंवारता ठरावीक अंतराने सरकवणारा एओएम, घातला की ही तुलना शून्याजवळ न राहता ८० मेगाहर्ट्झच्या बीटवर, म्हणजे दोन प्रकाशांच्या वारंवारतांमधल्या फरकाच्या सिग्नलवर, जाते. शून्याजवळचा विजेचा नॉइज आणि लेझरच्या तीव्रतेचा चढउतार तिथे त्रास देत नाही. ओकोशी, किकुची आणि नाकायामा यांनी १९८० साली ही पद्धत मांडली. डिलेड सेल्फ-हेटेरोडाइन या नावाने ती आजही जगभर वापरात आहे.

मूळ पद्धतीत स्पेक्ट्रम अॅनालायझरवर या बीटची रुंदी बघतात आणि तिच्या निम्मी ती लाइनविड्थ मानतात. इथेच बहुतेकांची फसगत होते, म्हणून जरा थांबून सांगतो. ही वाचनपद्धत खरी ठरायला दोन्ही वाटांवरचा प्रकाश एकमेकांना पूर्ण अनोळखी झालेला हवा. विलंब कोहेरन्स टाइमच्या (प्रकाश स्वतःच्या जुन्या रूपाशी जुळून राहतो त्या काळाच्या) बऱ्याच पट, साधारण सहा पट तरी, असायला हवा. ५ किलोहर्ट्झच्या लेझरचा कोहेरन्स टाइम ६४ मायक्रोसेकंद. तुमच्या रिळाचा विलंब त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी. सहा पट हवा असेल तर जवळपास ८० किलोमीटर फायबर लागेल, त्यात १६ डेसिबल प्रकाश जाईल, आणि एवढ्या लांब विलंबात लेझरची मंद डुगडुग मिसळून रुंदी खऱ्यापेक्षा मोठी दिसेल.

५ किलोमीटरवर प्रत्यक्षात काय दिसतं? ८० मेगाहर्ट्झला एक टोकदार, सुईसारखं शिखर, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लाटांसारखे उतरते उंचवटे. त्या लाटांमधलं अंतर ४१ किलोहर्ट्झ, म्हणजे बरोबर विलंबाचा व्यस्त. मधल्या सुईची रुंदी मोजून 'लाइनविड्थ ३०० हर्ट्झ' असं लिहिलेले प्रकल्प अहवाल मी वाचले आहेत. ती सुई लेझरची नाही. दोन वाटांमध्ये अजून ओळख शिल्लक आहे, एवढंच ती सांगते, आणि तिची रुंदी बहुतेक वेळा अॅनालायझरच्या स्वतःच्या रिझोल्यूशन बँडविड्थइतकी निघते. रिझोल्यूशन बदलून बघा; सुईही बदलेल.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: रुंदी वाचू नका, फेज वाचा.

फेज म्हणजे लाट आपल्या फेऱ्यात कुठे आहे ते. बीटची फेज म्हणजे लेझरची आत्ताची फेज वजा साडेचोवीस मायक्रोसेकंदांपूर्वीची फेज. विलंबाच्या तुलनेत सावकाश होणाऱ्या बदलांसाठी ही वजाबाकी थेट वारंवारतेच्या प्रमाणात असते. गुणक आहे दोन पाय (२π) गुणिले विलंब. ५ किलोमीटरसाठी आकडा काढा: लेझर १ किलोहर्ट्झ सरकला की बीटची फेज ०.१५४ रेडियन, म्हणजे सुमारे नऊ अंश फिरते. नऊ अंश ही फेज मोजण्याच्या दृष्टीने प्रचंड मोठी गोष्ट आहे. म्हणजे तुमचं पडून असलेलं रीळ लाइनविड्थ वाचायला तोकडं असलं, तरी वारंवारतेचा नॉइज वाचायला भरपूर संवेदनशील आहे.

त्याची मर्यादा वरच्या टोकाला आहे. लेझरची डुगडुग ४१ किलोहर्ट्झला असेल तर एका विलंबात तिचा एक पूर्ण फेरा होतो, वजाबाकी शून्य येते, आणि रिळाला ती दिसतच नाही. ४१, ८२, १२३ किलोहर्ट्झ अशा सगळ्या जागी रीळ आंधळं आहे. या आंधळ्या जागेच्या एक तृतीयांशापर्यंत, म्हणजे साधारण १४ किलोहर्ट्झपर्यंत, वाचन सतराएक टक्केच कमी येतं. तिथपर्यंत सूत्राने दुरुस्ती करून बिनधास्त विश्वास ठेवा. त्यापुढेही दुरुस्ती करता येते, पण आंधळ्या जागांच्या आसपासचा डेटा सरळ टाकून द्या. वरचा पट्टा हवा असेल तर ५०० मीटरचं छोटं रीळ वापरा. त्याची पहिली आंधळी जागा ४०८ किलोहर्ट्झला येते. संवेदनशीलता दहा पट घटते, तरी पुरेशी उरते. दोन्ही लांबींवर मोजा आणि दोन्ही आलेख एकावर एक ठेवा. लेझरचा नॉइज हर्ट्झमध्ये मोजला की फायबरच्या लांबीवर अवलंबून राहत नाही, त्यामुळे सामाईक पट्ट्यात दोन्ही आलेख जुळलेच पाहिजेत. जिथे फाटतात तिथे तुम्ही लेझर सोडून भलतंच काही मोजता आहात.

सिग्नल नोंदवायला महागडं फेज-नॉइज यंत्र लागत नाही. बीट ८० मेगाहर्ट्झचा आहे, आणि संगणकाला लावायचा स्वस्त सॉफ्टवेअर रेडिओ डोंगल २४ मेगाहर्ट्झपासून पुढे ऐकतो, सेकंदाला २४ लाख नमुने घेतो. अॅटेन्युएटर लावून बीट त्याला द्या, आय आणि क्यू नमुने (एकाच सिग्नलचे काटकोनातले दोन घटक) फाइलमध्ये साठवा, आर्कटॅनने फेज काढा, ३६० अंशांच्या उड्या जोडून घ्या. एवढं केलं की हातात फेजची वेळेनुसार मालिका येते. पण तीन पडताळण्या केल्याशिवाय त्या मालिकेवर विश्वास ठेवू नका.

पहिली: लेझरचा प्रकाश अडवा. ८० मेगाहर्ट्झला रेषा उरली तर ती एओएमच्या ड्रायव्हरमधून हवेतून किंवा ग्राउंडमधून येते आहे. ती खऱ्या बीटपेक्षा किमान ४० डेसिबल खाली असायला हवी. नसेल तर ड्रायव्हर धातूच्या पेटीत घाला, त्याची केबल डिटेक्टरच्या केबलपासून लांब न्या. दुसरी: रीळ काढून तिथे एक मीटरची पॅचकॉर्ड लावा आणि तेच मोजमाप करा. विलंब जवळपास शून्य, म्हणजे लेझरचा नॉइज स्वतःशीच वजा झाला. जे उरतं तो तुमच्या इलेक्ट्रॉनिक्सचा तळ. तिसरी, जी हमखास राहून जाते: एओएमचा ड्रायव्हर आणि डोंगल वेगवेगळ्या क्रिस्टलवर चालत असतात. दोघांत १० हर्ट्झचा फरक असला तर फेज एका सरळ उताराने वाढत जाते, आणि हिशेबात तो उतार लेझर सेकंदाला ४०० किलोहर्ट्झ सरकतो आहे असा दिसतो. शक्य असेल तर दोघांना एकाच १० मेगाहर्ट्झच्या घड्याळावर चालवा. नसेल तर सरळ उतार वजा करा आणि एका सेकंदापेक्षा मंद गोष्टींबद्दल काही दावा करू नका.

आता आकड्यांचं भाषांतर. फेजच्या नॉइजची घनता दोन पाय गुणिले विलंब याच्या वर्गाने भागली की वारंवारतेच्या नॉइजची घनता मिळते, एकक हर्ट्झ वर्ग प्रति हर्ट्झ. वरच्या टोकाला हा आलेख सपाट होतो. त्या सपाट पातळीला पायने गुणलं की लेझरची मूळ, लोरेंझियन लाइनविड्थ मिळते. डेटाशीटमधले ५ किलोहर्ट्झ या अर्थाचे असतील तर सपाट पातळी सुमारे १,६०० हर्ट्झ वर्ग प्रति हर्ट्झ असायला हवी, म्हणजे दर रूट हर्ट्झला ४० हर्ट्झ. खालच्या टोकाला आलेख वर चढत जातो, कारण तिथे मंद नॉइज असतो. तिथली रुंदी काढायला दि दोमेनिको, शिल्ट आणि थोमान यांनी २०१० साली दिलेली युक्ती फार उपयोगी आहे. आलेखावर एक रेषा काढा, जिची उंची प्रत्येक ठिकाणी फोरियर वारंवारतेच्या (आलेखाच्या आडव्या अक्षावरच्या, नॉइज किती वेगाने हलतो त्या वारंवारतेच्या) ०.५६ पट असेल. नॉइज या रेषेच्या वर आहे तेवढाच भाग लाइनविड्थ रुंदावतो. खालचा भाग फक्त शिखराच्या दोन्ही बाजूंच्या लांब उतारांत जातो. वरच्या भागाचं क्षेत्रफळ घ्या, ५.५५ ने गुणा, वर्गमूळ काढा. ही झाली रुंदी. क्षेत्रफळ कुठून मोजायला सुरुवात केली, दहा हर्ट्झपासून की हजारपासून, यावर उत्तर बदलतं, आणि ते बदललंच पाहिजे. एका सेकंदात दिसणारी रुंदी आणि एका मिलिसेकंदात दिसणारी रुंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निरीक्षणकाळ न लिहिता दिलेली लाइनविड्थ अर्धीच सांगितलेली असते, मग ती डेटाशीटमध्ये असो की प्रबंधात.

इथवर मी रीळ स्थिर आहे असं गृहीत धरलं. ते नसतं.

काचेच्या फायबरची प्रकाशीय लांबी एका केल्विनला दहा लाखांत सात ते आठ भाग बदलते. यात लांबी वाढण्याचा वाटा किरकोळ आहे. बहुतेक सगळा परिणाम काचेचा अपवर्तनांक बदलल्याचा. १५५० नॅनोमीटरला प्रकाशाची वारंवारता सुमारे १९३ टेराहर्ट्झ. गुणाकार केला की कळतं: रीळ एक केल्विन तापलं तर लेझर जवळपास १.४५ गिगाहर्ट्झ सरकल्याचा भास होतो. तुमच्या ५ किलोमीटरच्या रिळात एका अंशाला ३५ हजार फ्रिंज, म्हणजे फेजचे पूर्ण फेरे, फिरतात. खोलीतला स्प्लिट एसी कॉम्प्रेसर चालू-बंद करतो तेव्हा उघड्या रिळात काय होत असेल याची कल्पना करा. एसी अर्धा तास बंद ठेवून एक नोंद घ्या आणि चालू ठेवून दुसरी घ्या. दोन आलेख जिथपासून वेगळे होतात, त्या वारंवारतेच्या खाली तुम्ही लेझर मोजत नव्हता, खोली मोजत होता.

शिवाय रीळ हा उत्तम मायक्रोफोन आहे. दारावरची टकटक, पंखा, व्हॅक्यूम पंप, शेजारच्या खोलीतली खुर्ची, सगळं त्यात ऐकू येतं. प्लास्टिकच्या ज्या रिळावर फायबर विकत येतं त्यावर ते ताणून गुंडाळलेलं असतं, आणि रिळाचा प्रत्येक कंप त्या ताणात उतरतो. ५० आणि १०० हर्ट्झच्या रेषा दिसल्या तर त्या विजेच्या आहेत की ट्रान्सफॉर्मरच्या गुणगुणीच्या, हे ठरवायला रिळावर एक जाड रजई टाकून बघा. रेषा खाली आली तर ती आवाजाची. जागची हलली नाही तर ग्राउंड तपासा.

वाटणी पक्की करायचा सर्वात भरवशाचा मार्ग म्हणजे दोन रिळं. एकाच लेझरचा प्रकाश दोन स्वतंत्र इंटरफेरोमीटरांत (वर सांगितलेल्या दोन वाटांच्या रचनांत) द्या, दोन्ही फेज एकाच वेळी नोंदवा आणि दोघांचा क्रॉस-स्पेक्ट्रम, म्हणजे दोन्हीकडे सामाईक असलेला नॉइज दाखवणारा आलेख, काढा. लेझरचा नॉइज दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे टिकतो. रिळांचा आपापला नॉइज सरासरी घेता घेता विरत जातो, सरासऱ्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने. मात्र दोन्ही रिळं एकाच टेबलावर शेजारी ठेवलीत तर दोघांना एकच आवाज ऐकू येतो, आणि तो लेझरचा म्हणून मोजला जातो. वेगळ्या टेबलांवर, वेगळ्या पेट्यांत, जमलं तर वेगळ्या खोल्यांत ठेवा.

आता सुधारणेकडे येतो. फेज मोजता येते आहे, म्हणजे चूक कळते आहे. ती चूक परत लेझरला दिली की लेझर रिळाला बांधला जातो. मोजमाप ते दुरुस्ती हे वर्तुळ, म्हणजे लूप, पूर्ण झाल्यावर, पुरेशा गेनच्या (दुरुस्तीच्या जोराच्या) पट्ट्यात, लेझर रिळाइतका स्थिर होतो. रिळापेक्षा जास्त कधीच नाही. म्हणून प्रश्न असा विचारायचा: कोणत्या पट्ट्यात माझं रीळ माझ्या लेझरपेक्षा शांत आहे? सर्वसाधारण फायबर लेझर आणि नीट झाकलेलं रीळ असेल तर उत्तर येतं, काही हर्ट्झपासून दहा-वीस किलोहर्ट्झपर्यंत. कोहेरंट लायडार (लेझरने अंतर आणि वेग मोजणारी यंत्रं), फायबरवरून कंप ऐकणारे सेन्सर आणि शीत अणूंचे बरेच प्रयोग यांना त्रास देणारा नॉइज नेमका याच पट्ट्यात असतो.

पॅरिसच्या केफेलियान, जियांग, लमोंद आणि सांतारेली यांनी २००९ मध्ये हे करून दाखवलं. १ किलोमीटर साध्या फायबरचं रीळ, फायबरचाच मायकल्सन इंटरफेरोमीटर (दोन्ही भुजांच्या टोकाला आरसे असलेला, प्रकाश त्याच वाटेने परत आणणारा) आणि एक एओएम. १ हर्ट्झ ते १० किलोहर्ट्झ या पट्ट्यात लेझरचा नॉइज ४० डेसिबलपेक्षा जास्त खाली आला, आणि ४० हर्ट्झ ते ३० किलोहर्ट्झमध्ये तो हाय-फिनेस कॅव्हिटीला पाउंड-ड्रेव्हर-हॉल या प्रचलित पद्धतीने बांधलेल्या लेझरच्या तोडीचा ठरला. निर्वात कक्ष नाही, आरशांची जुळणी नाही, मोड मॅचिंग नाही. कॅव्हिटी परवडत नाही अशा प्रयोगशाळेसाठी ही फार मोठी गोष्ट आहे आणि आपल्याकडे ती जास्त वापरली जायला हवी असं मला मनापासून वाटतं.

मोजायला साधी दोन वाटांची रचना चालते, लॉक करायला मायकल्सनच घ्या. कारण ध्रुवीकरण. साध्या फायबरमध्ये ध्रुवीकरण तापमानाबरोबर भरकटतं, बीट क्षीण होत जातो आणि मध्यरात्री लॉक सुटतो. मायकल्सनच्या दोन्ही टोकांना फॅराडे आरसे लावले की परतीच्या वाटेवर प्रकाश काटकोनात फिरलेल्या ध्रुवीकरणाने येतो आणि जाताना झालेला सगळा बिघाड येताना आपोआप पुसला जातो. मार्टिनेली यांनी १९८९ मध्ये सुचवलेली ही कल्पना आहे. एओएम लांब भुजेच्या दूरच्या टोकाला, फॅराडे आरशाच्या अगदी आधी ठेवा. रिळात वाटेत विखुरून मागे येणारा रेली प्रकाश मग एओएममधून जात नाही. फक्त आरशापर्यंत जाऊन आलेला प्रकाश दोनदा ८० मेगाहर्ट्झ सरकतो, आणि १६० मेगाहर्ट्झला तुम्हाला स्वच्छ बीट मिळतो. एओएम रिळाच्या अलीकडे ठेवला तर विखुरलेला प्रकाशही त्याच १६० वर येऊन बसतो. जोडण्या तिरक्या टोकाच्या, हिरव्या कनेक्टरच्या असू द्या, आणि लेझरच्या तोंडाशी दोन टप्प्यांचा आयसोलेटर (प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणारा) हवाच. मायकल्सन निम्मा प्रकाश मागे पाठवतो; तो लेझरमध्ये शिरला तर पुढचं सगळं व्यर्थ.

लांबीबद्दल: ५ किलोमीटरच्या रिळाला लॉक करू नका. मायकल्सनमध्ये प्रकाश जाऊन येतो, म्हणजे वाट १० किलोमीटरची, पहिली आंधळी जागा २० किलोहर्ट्झला, आणि त्याच्या बऱ्याच अलीकडे लूप थांबवावं लागतं. ५०० मीटरच्या रिळाची जाऊन-येऊन १ किलोमीटर वाट, आंधळी जागा २०४ किलोहर्ट्झला. ६०-७० किलोहर्ट्झची बँडविड्थ आरामात मिळते. लांब फायबरचा फायदाही खरा आहे: फायबरमधल्या उष्णतेच्या चढउतारांमुळे जो मूलभूत नॉइज असतो, ज्याचं गणित वॅन्सर यांनी १९९२ मध्ये मांडलं, तो वारंवारतेच्या भाषेत लांबीच्या व्यस्त प्रमाणात घटतो. पण तुम्ही त्या मूलभूत तळापर्यंत पोहोचण्याआधी पेटीचा आणि आवाजाचा तळ लागणार आहे, आणि छोटं रीळ झाकणं कितीतरी सोपं. ५०० मीटर ते १ किलोमीटर ही माझी शिफारस. प्रकाश फायबरमध्ये ५-१० मिलिवॉटच्या आत ठेवा, म्हणजे ब्रिल्वाँ विखुरण्याची (जास्त प्रकाशाने काचेत ध्वनिलहरी उठून प्रकाश मागे फिरण्याची) भानगड उद्भवत नाही.

आंधळ्या जागेपलीकडे लूप नेताच येत नाही असं नाही. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या शीअर्ड, ग्रे आणि मॅक्लेलँड यांनी २००६ मध्ये फायबरवर ते करून दाखवलं. यामागची प्रेरणा अंतराळातली होती. लिसा या नियोजित गुरुत्वलहरी वेधशाळेत यानांमधलं अंतर २५ लाख किलोमीटर आहे, प्रकाशाला जाऊन यायला सुमारे १७ सेकंद लागतात, आणि त्या भुजेलाच लेझर बांधायचा विचार त्यांनी मांडला होता. तिथे आंधळी जागा ६० मिलिहर्ट्झला येते! गणित तेच, फक्त मायक्रोसेकंदांच्या जागी सेकंद. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला लायगो-इंडिया उभी राहायची आहे, तिच्या ४ किलोमीटरच्या दोन भुजांची सामाईक लांबी हीसुद्धा शेवटी लेझरच्या वारंवारतेची मोजपट्टीच असणार आहे. या क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला फायबरच्या रिळावर लूप बांधण्याइतकं चांगलं शिक्षण दुसरं नाही.

दुरुस्ती लेझरला कशी द्यायची हे लेझरवर अवलंबून आहे. फायबर लेझरच्या पिझोला (व्होल्टेज दिल्यावर लांबी बदलणाऱ्या तुकड्याला) काही किलोहर्ट्झपलीकडे अनुनाद येतात, म्हणून जलद दुरुस्ती लेझरच्या बाहेर लावलेल्या दुसऱ्या एओएमच्या वारंवारतेला द्या, आणि त्याची सरासरी हळूहळू पिझोकडे व तापमानाकडे वळवा. डायोड लेझर असेल तर करंटलाच द्या.

घड्याळाचा मुद्दा लॉकमध्ये जास्त गंभीर होतो. बीट ज्या १६० मेगाहर्ट्झशी ताडता तो आणि एओएमचे ८० मेगाहर्ट्झ एकाच घड्याळातून निघायला हवेत. दोन वेगळ्या क्रिस्टलमध्ये एका हर्ट्झचा शंभरावा भाग एवढा फरक असला, तरी १ किलोमीटरच्या वाटेवर लेझर सेकंदाला २ किलोहर्ट्झने सरकत राहतो, लॉक मजबूत असूनसुद्धा. हाच दोष मुद्दाम वापरला तर गुण होतो: फरक हवा तेवढा द्या, आणि लॉक न सोडता लेझर अतिशय सरळ रेषेत स्वीप होतो. कॅव्हिटीला बांधलेला लेझर असा मोकळा फिरू शकत नाही. रीळ एका दिशेने सावकाश तापत असेल तर तेवढाच उलटा फरक देऊन तो उतार भरूनही काढता येतो.

पेटीवर जितका वेळ द्याल तितका कमी. हिशेब बघा: लेझरचं सरकणं सेकंदाला १ किलोहर्ट्झच्या आत ठेवायचा तर रिळाचं तापमान तासाला अडीच मिलिकेल्विनपेक्षा जास्त बदलता कामा नये. इथे बहुतेकांचा हात हीटर आणि कंट्रोलरकडे जातो. रिळाला थेट हीटर लावू नका. कंट्रोलर एक मिलिकेल्विन इकडेतिकडे झाला तर लेझर दीड मेगाहर्ट्झ हलतो. नियंत्रण फक्त बाहेरच्या पेटीवर ठेवा. आत जाड अॅल्युमिनियमची दुसरी पेटी, मध्ये इन्सुलेशन, तिच्या आत रीळ, कशालाही घट्ट न आवळता. आतली पेटी जितकी जड तितके जलद बदल आत पोहोचत नाहीत. हवा काढून टाकता आली तर आवाज आणि हवेचे झोत दोन्ही जातात. पेटी बंद केल्यावर लगेच मोजू नका, एक रात्र जाऊ द्या. ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांच्यासाठी पोकळ गाभ्याचं फायबर हा मार्ग आहे. साउदॅम्प्टनच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं की त्यातल्या विलंबावर तापमानाचा परिणाम साध्या फायबरच्या सुमारे १८ पटींनी कमी होतो.

एवढं करूनही मिनिटा-तासांच्या मुदतीत रीळ सरकणारच. ती कमतरता अणू-रेणूंच्या ठरलेल्या जागच्या शोषणरेषा भरून काढतात. १५४२ नॅनोमीटरला अॅसिटिलीन, १५३० ते १५६० च्या पट्ट्यात हायड्रोजन सायनाइड, किंवा १५६० चा लेझर दुप्पट करून ७८० नॅनोमीटरला रुबिडियम. जलद काम रिळाकडे, सावकाश काम अणूंकडे. दोन लूपमधली सीमा तिथे ठेवा जिथे रीळ आणि अणुरेषा यांचे नॉइजचे आलेख एकमेकांना छेदतात.

स्थिर झालेला प्रकाश शेजारच्या खोलीत न्यायचा असेल तर लक्षात ठेवा, मधली पॅचकॉर्डही तापते आणि ऐकते. कोलोरॅडोतल्या जिला संस्थेतल्या मा, युंगनर, ये आणि हॉल यांनी १९९४ मध्ये दिलेला उपाय आजही तोच आहे: दूरच्या टोकावरून थोडा प्रकाश परत आणा, जाऊन-येऊन जमलेली फेज मोजा आणि तिच्या निम्मी आधीच वजा करा. याच तत्त्वावर २०१२ मध्ये जर्मनीत गार्चिंग आणि ब्राउनश्वाइग यांच्यात ९२० किलोमीटर फायबरवरून लेझरची वारंवारता नेली गेली.

राहिला पुरावा. लॉक लागल्यावर एरर सिग्नल सपाट होतो आणि तो हर्ट्झमध्ये बदलून 'आमचा लेझर आता ०.१ हर्ट्झ स्थिर' असं लिहायचा मोह होतो. तो सिग्नल फक्त एवढंच सांगतो की लूपने दिलेलं काम केलं. रीळ तापलं, लेझर त्याच्यामागे गेला, एरर शून्यच राहिला. खरा आकडा लूपबाहेरच्या मोजमापातून येतो, आणि तुमच्या त्या ५ किलोमीटरच्या रिळाला खरं काम इथे आहे. लॉकसाठी नवं ५०० मीटरचं रीळ घ्या, जुनं ५ किलोमीटरचं वेगळ्या पेटीत, वेगळ्या टेबलावर, लूपशी काही संबंध नसलेला साक्षीदार म्हणून ठेवा. लॉक बंद असतानाचा, लॉक चालू असतानाचा आणि एक मीटरच्या पॅचकॉर्डवरचा, असे तीन आलेख एकाच कागदावर काढा. लॉक चालू असतानाच्या आलेखात रिळांचा आवाज सुरू होतो ती वारंवारता खुणेने दाखवा, आणि लाइनविड्थ लिहाल तिथे निरीक्षणकाळ लिहा.